सतरा मिलिमीटरांचं आगर

मी काढलेल्या जास्वंदीच्या फोटोवर मावसभावाने पिवळ्या अक्षरांत 'शुभ सकाळ' लिहून तो आमच्याच घरच्या ग्रुपवर टाकला, आणि त्या दिवसापासून माझं फुलांचे फोटो काढणं बंद झालं. त्याच्या मनात वाईट काही नव्हतं. उलट त्याला फोटो आवडला होता. पण नंतर मी तो नीट बघितला तेव्हा लक्षात आलं की त्यावर दुसरं काही लिहिण्यासारखं नव्हतंच. फूल बरोबर मधोमध, मागे हिरवं धुरकट, पाकळीवर दोन थेंब. तेसुद्धा मीच इस्त्रीच्या फवाऱ्याने मारलेले. ज्यावर कुणाला शुभ सकाळ लिहिता येणार नाही असा फोटो काढायचा, एवढंच तेव्हा ठरवलं. ॲबस्ट्रॅक्ट, अमूर्त वगैरे शब्द पुष्कळ नंतर आले.

त्याच जूनमध्ये गुहागरला आई मागल्या पडवीत घसरली आणि उजवं मनगट मोडून बसली. सहा आठवडे प्लास्टर. माझं काम लॅपटॉपवरचं, ते कुठूनही चालतं, म्हणून डोंबिवलीहून बोजा उचलला आणि माहेरी आले. आले ती सहा आठवड्यांसाठी, परत निघाले दिवाळी झाल्यावर. एवढ्या दिवसांत हिंडायला म्हणून कुठे गेले नाही. घर, घरामागचं आगर आणि दोन वेळा वरचा सडा, म्हणजे कातळाचं पठार. फोटो मात्र चार हजारांच्या आसपास काढले. त्यातले एकोणतीस ठेवलेत.

माझ्याकडे मॅक्रो लेन्स, म्हणजे अगदी जवळचं मोठं करून दाखवणारी लेन्स, नाही. तेव्हाही नव्हती, आताही नाही. एक जुना डीएसएलआर आहे, आणि ओळखीतल्या एका काकांनी दिलेली ५० मिलिमीटरची त्याहून जुनी लेन्स, जिच्या अंगावरच अपर्चरची, म्हणजे उजेड आत सोडणाऱ्या भोकाची, रिंग आहे. तिच्या जोडीला १२, २० आणि ३६ मिलिमीटरच्या एक्स्टेन्शन ट्यूब मागवल्या. ट्यूब म्हणजे नुसतं पोकळ नळकांडं, आत काच नाही. लेन्स सेन्सरपासून लांब नेली की तिला जवळचं दिसायला लागतं आणि मोठं दिसतं, बस. हिशेबही पाटीवर करण्याइतका सोपा: लेन्स जेवढी पुढे सरकली त्याला तिच्या फोकल लेंथने, म्हणजे त्या ५० ने, भागायचं. तिन्ही ट्यूब लावल्या की ६८ भागिले ५०, म्हणजे १.३६ पट. माझा सेन्सर साडेतेवीस मिलिमीटर रुंद. म्हणजे चौकटीत मावणारा सगळा मुलूख सतरा मिलिमीटरांचा. अंगठ्याच्या नखाहून थोडा मोठा. आमचं आगर काही फार मोठं नाही, शंभरएक पोफळी, थोडे माड, केळी आणि विहीर. पण ते सतरा-सतरा मिलिमीटरांनी मोजायला घेतलं तर सात जन्म पुरणार नाहीत.

पहिले आठ दिवस एकही फोटो धड आला नाही. एवढ्या जवळून फोकसचा पट्टा इतका अरुंद होतो की अपर्चर एफ ८ ठेवलं (एफचा आकडा मोठा तेवढं भोक बारीक) तरी अर्धा मिलिमीटरसुद्धा स्पष्ट येत नाही. एफ २ ला तर तो कागदाच्या जाडीएवढा. मी श्वास घेतला की फोकस पानाच्या पुढे, सोडला की मागे. मग हुशारी केली आणि एफ २२ लावलं, म्हणजे सगळंच स्पष्ट येईल. आलं ते सगळं सारखंच दुधाळ. लेन्सचं भोक इतकं बारीक झालं की त्यातून येताना प्रकाशच फाकतो, आणि ट्यूबमुळे ते भोक आहे त्याहून आणखी बारीक असल्यासारखं वागतं. वर ट्यूब अडीच स्टॉप उजेड खातात तो वेगळाच; एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा. जुलैत पोफळीखाली सकाळी दहाला दिवेलागणीसारखं असतं. त्यात हा भुर्दंड.

ट्रायपॉड दुसऱ्या दिवशी घडी करून माजघरात उभा केला. लेन्स आणि पान यांच्यात चार बोटं अंतर, तिथे ट्रायपॉडचे पाय झाडावरच येतात, आणि आगरातल्या ओल्या मातीत एकेक पाय आपल्या मनाने खचत राहतो. शेवटी उपयोगी पडला तो जेवायला बसायचा पाट आणि आईने दिलेली कडव्या वालांची पिशवी. पाट चिखलावर, पाटावर पिशवी, पिशवीत कॅमेरा रुतवायचा. वाल कॅमेऱ्याच्या अंगाप्रमाणे बसतात, हलत नाहीत. आईने देतानाच बजावलं होतं, "भिजले तर मोड येतील हो." पाचव्या दिवशी आले. त्या दिवशी डाळिंब्यांची उसळ झाली आणि पिशवीत नवे वाल भरले. पुढे महिनाभर हे चक्र चालू होतं.

वाऱ्याचा बंदोबस्त कपड्यांच्या चिमट्याने केला. बांबूची कामटी जमिनीत खोचायची, तिला चिमटा बांधायचा आणि चिमट्यात देठ हलकेच धरायचा. वारा थांबवायला आणि मागची गर्दी झाकायला काळी छत्री. ती धरायला आई. प्लास्टर उजव्या हाताला, डावा रिकामा. ती विहिरीच्या पायरीवर बसून छत्री धरायची आणि मी काय बघतेय ते तिला दिसत नसल्यामुळे दर दोन मिनिटांनी विचारायची, "झालं?"

पहिला जमलेला फोटो अळवाचा. पानाची कड नाही, देठ नाही, टोक नाही. करड्या-जांभळट पटावर तिरकी गेलेली एक फिकट रेघ आणि तिच्या पोटाशी पाऱ्याचा गोळा बसल्यासारखं काहीतरी. मला तो फार आवडला. कुठल्या तरी परग्रहावरचा रस्ता वाटत होता. रात्री टॅबवर आईला दाखवला. तिने आधी दोन बोटं काचेवर ठेवून चिमटीत धरल्यासारखी जवळ आणली. चित्र लहान होईना. परत आणली. "अजून लहान होत नाही का गो?" तिला वाटलं, मी चुकून मोठं करून ठेवलंय आणि बाकीचं पान बाजूला कुठेतरी असेल. एवढंच आहे म्हटल्यावर तिने टॅब जरा लांब धरला आणि म्हणाली, "भाजीचं अळू. विहिरीकडचं. वडीचं असतं तर शीर काळपट आली असती."

मी गप्प. परग्रह गेला आणि विहिरीकडचं अळू उरलं.

त्या रात्री जरा चिडचिड झाली, पण विचार करता करता गंमत वाटायला लागली. मी ज्याला अमूर्त समजत होते ते माझ्यापुरतं अमूर्त होतं. डोंबिवलीत अळू जुडीने येतं, मी ते निवडते, चिरते, विसरते. आईने तीच पानं पन्नास वर्षं शिरा सोलून, उलटी घालून, पीठ फासून गुंडाळली आहेत. तिच्या बोटांना जे पाठ आहे ते मी चौकटीबाहेर ठेवून लपवणार कसं? दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिला सांगितलं की आता खेळ. मी फोटो काढणार, तू ओळखायचं. तुला ओळखता आलं नाही तर मी जिंकले. ती म्हणाली, "आणि ओळखलं तर?" मी म्हटलं, तर दुपारची भांडी मी घासणार. प्लास्टर असल्यामुळे ती मीच घासत होते, हे दोघींच्याही लक्षात आलं नाही.

अळवाशी माझं वैर त्यानंतर बरेच दिवस चाललं. 'अळवावरचं पाणी' आपण येताजाता म्हणतो, पण ते पाणी खरोखर कसं बसतं ते मी लेन्समधून पहिल्यांदा बघितलं. थेंब पानाला टेकतच नाही. त्याच्या बुडाशी चांदीचा वर्ख लावल्यासारखी चकाकी असते. ती थेंब आणि पान यांच्यामध्ये अडकलेल्या हवेची. पान हाताला गुळगुळीत लागतं, पण त्याच्यावर डोळ्याला न दिसणारे बारीक उंचवटे असतात आणि त्यांवर मेणाचा थर. थेंब त्या उंचवट्यांच्या शेंड्यांवर तरंगतो. कमळाचंही तसंच. जर्मनीत बॉनच्या विद्यापीठातले विल्हेल्म बार्थलॉट यांनी हे नीट मांडलं. सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायची पानं आधी धुवावी लागतात; काही पानं न धुताच स्वच्छ असायची, आणि तीच सगळ्यांत खडबडीत निघाली. त्यांचा कमळावरचा निबंध १९९७ सालचा आहे.

हे मी आईला सांगत होते तेव्हा आम्ही वड्याच करत होतो. ती सांगणार, मी करणार. पान पालथं घालून शिरांवरून लाटणं फिरवलं, आणि सहज म्हणून पालथ्या हाताने पाणी शिंपडलं. जिथे लाटणं लागलं होतं तिथे थेंब चपटे होऊन पानाला चिकटले, जिथे लागलं नव्हतं तिथे गोल राहून घरंगळले. मी वड्या तशाच ठेवून कॅमेरा आणायला धावले. पीठ सुकलं. आईने त्या फोटोला नाव दिलं, "वाया गेलेली वडी", आणि तो गुण तिच्या खात्यात गेला.

पुढचा डाव देठाचा. सुरीने देठ आडवा कापला तर आत हवेच्या पोकळ्यांची जाळी, मधमाशांच्या पोळ्यासारखी पण वेडीवाकडी, आणि प्रत्येक पोकळीच्या भिंतीवर ओलसर चमक. मागून उन्हाची तिरीप आली की सगळं काचेचं वाटतं. पाऊण तास मी तो तुकडा बोटांत फिरवत होते. मग खाज सुटली. अळवाच्या रसात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, ते कातडीत घुसतात. फदफद्यात चिंच किंवा आमसूल घालतात ते काही नुसतं चवीसाठी नाही. हे सगळं ज्ञान मला होतं. हाताला आधी खोबरेल लावायचं असतं, हे आईला माहीत होतं. फोटो तिने बघितलाही नाही, माझे हात बघून म्हणाली, "अळवाचा देठ." मी म्हटलं ही फसवणूक आहे. ती म्हणाली, खेळ तू लावलास.

कापलेल्याचे फोटो मी त्यानंतर सोडून दिले. खाजेमुळे नव्हे. केळीच्या सोपटाचा आडवा काप घेतला होता, त्यात एकसारख्या खिडक्यांच्या रांगा दिसतात, अगदी चाळीसारख्या. फोटो सुंदर आला, पण तो बघताना मला सतत सुरी दिसत होती. झाड जागेवर असावं, आपण वाकावं, हे मला जास्त पटतं. याच्या नेमका उलटा माणूस म्हणजे कार्ल ब्लॉसफेल्ट. १८६५चा जन्म, बर्लिनमधल्या कलाशाळेत शिकवायचा. नक्षीकामाच्या विद्यार्थ्यांना दाखवायला म्हणून त्याने हाताने बनवलेल्या कॅमेऱ्यावर झाडांचे कोंब, देठ, कळ्या तीस पटीपर्यंत मोठ्या करून टिपल्या. रोपं छाटून, साफ करून, साध्या पुठ्ठ्यासमोर ठेवायचा. तीसेक वर्षं हे काम केलं, आणि १९२८ साली पुस्तक निघून नाव झालं तेव्हा त्याची साठी उलटली होती. त्याचे फोटो बघितले की लोखंडी जाळ्या आणि देवळांचे खांब आठवतात. त्यातला एक मी आईपुढे ठेवला, काळ्या लोखंडाला पीळ दिल्यासारखी वेटोळी. शंभर वर्षांपूर्वीचा परदेशी फोटो, आता बघू. आई म्हणाली, "भोपळ्याचा तणावा. वाळवलेला दिसतो." भोपळ्याचाच होता.

हळूहळू आई नक्की कशावरून ओळखते ते मला कळायला लागलं, आणि माझं खरं शिक्षण तिथे झालं. पानाची कड दिसली की खेळ खलास. म्हणून कड पहिल्यांदा गेली. मग थेंब गेले. थेंब फोटोला शोभा आणतो, पण चुगलीही करतो. पाण्याचा थेंब केवढा असतो हे प्रत्येकाला माहीत असल्यामुळे बाकीच्या गोष्टींचं माप कळतं, आणि माप कळलं की निम्मं ओळखलंच. मुंगीचं तेच. नंतर उजेडाची दिशा. उजेड वरून आला की डोळा निवांत असतो. म्हणून पानाखाली पांढरी ताटली ठेवून उजेड खालून उडवायला लागले. केळीच्या पानाखाली उताणी पडून आभाळाच्या दिशेने काढलेले फोटो यातूनच आले: हिरव्यात हिरव्या समांतर रेघा, आणि एका ठिकाणी पान फाटून परत सांधल्यासारखी पिवळी जखम. आईला ते पाहून वेळ लागला. हळद, कर्दळ, सोनटक्का, केळ, सगळ्यांच्या रेघा तशाच. तिने चक्क टॅब तिरका करून बघितला, जणू पानावरचा उजेड बदलेल. "पातोळ्यांचं पान नाही. त्याच्या रेघा जवळ जवळ असतात." मग कर्दळ म्हणाली. चुकली. माझा पहिला गुण. नागपंचमीच्या आदल्या दिवशीची गोष्ट, म्हणून लक्षात आहे. दुसऱ्या दिवशी हळदीची पानं काढायला मला पाठवलं आणि प्रत्येक पानावरच्या रेघा मोजून आण म्हणाली. चिडली होती.

ऑगस्टमध्ये लेन्सला बुरशी लागली. आत, काचेच्या दोन थरांमध्ये, कोळ्याच्या जाळ्यासारखी पांढरी नक्षी. कोकणातल्या पावसाळ्यात कॅमेरा कपाटात ठेवला की हे होणारच. मला सगळ्यांनी सांगितलं होतं आणि मी ऐकलं नव्हतं. ज्याच्याकडे साफ करायला पाठवली त्याने तीन आठवडे ठेवून घेतली, आणि आली तेव्हा फोकसची रिंग जात्यासारखी जड फिरत होती. तेव्हापासून कॅमेरा लाडवांच्या स्टीलच्या डब्यात, औषधांच्या बाटल्यांतून निघणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांसकट. ते तीन आठवडे मी कॅमेऱ्याबरोबर आलेली किट लेन्स उलटी धरून काम केलं. लेन्स कॅमेऱ्यावर उलटी बसवायची कडी मिळते. उलटी केली की तीच लेन्स मॅक्रो होते. एवढंच की माझ्या किट लेन्सचं अपर्चर कॅमेऱ्यापासून सुटलं की आपोआप मिटतं, म्हणून मागच्या बारीक खटक्यात घडी घातलेलं बसचं तिकीट खोचून ते उघडं ठेवावं लागे. दापोली-गुहागर तिकिटावर काढलेले फोटो, असं म्हणायला हरकत नाही.

त्याच दिवसांत एक गोष्ट कळली, जी मी चाळीस वर्षं चुकीची समजत होते. पहाटे गवताच्या पात्याच्या टोकावर मोत्यासारखा एकच थेंब असतो, त्याला मी दव म्हणायचे. पडवीत छपराखाली एक कुंडी होती, तिच्यात आपोआप उगवलेलं गवत. तिथे पाऊस पोचत नाही, दव पडत नाही. शेजारची फरशी कोरडी ठणठणीत. तरी रोज पहाटे प्रत्येक पात्याच्या टोकाशी थेंब. ते पाणी झाड स्वतः बाहेर टाकतं. मुळं रात्रभर पाणी चढवत राहतात, हवा दमट, पानातून वाफ होऊन जायला वाव नाही, मग टोकाशी किंवा कडेशी असलेल्या बारीक छिद्रांतून ते थेंबाथेंबाने बाहेर येतं. दव पानभर पसरतं, हे ठरावीक जागीच येतं. अळू यात सगळ्यांचा दादा. रात्री अकराला बॅटरी घेऊन विहिरीकडे उभी राहिले तर पानाच्या टोकावरून टप, जरा वेळाने टप. आई आतून म्हणाली, "अळू रात्री रडतं. माझी सासू सांगायची." शास्त्रातला शब्द मला तिच्यापुढे उच्चारवेना.

सगळ्यांत जास्त वेळ खाल्ला तो विहिरीच्या चिऱ्यांवरच्या नेच्याने. पानाच्या पाठीवर तपकिरी ठिपक्यांच्या दोन रांगा असतात, लोकांना वाटतं कीड पडली. तिन्ही ट्यूब लावून एका ठिपक्यावर गेले तर तो म्हणजे चिकटून बसलेल्या शंभरभर बारीक गोळ्या, आणि प्रत्येक गोळीच्या कण्यावरून गेलेली, सुरवंटासारखी वळ्यावळ्यांची पट्टी. चार दिवस पावसात त्या ढिम्म होत्या. पाचव्या दिवशी दुपारी ऊन पडलं. मी कॅमेऱ्याच्या पडद्यावर दहा पट मोठं करून फोकस जुळवत होते, आणि चित्रच हललं. वाटलं वाल सरकले. परत हललं. ती पट्टी वाळता वाळता मागे कलत होती, कलत कलत गोळीला चिरून उघडी करत होती, आणि मग एकदम झटका देऊन पुढे येत होती. खापरात लाह्या फुटाव्यात तशा एकामागून एक. प्रत्येक झटक्याला पिवळसर धूळ उडायची. पट्टीतल्या पेशींतलं पाणी आटतं तसा ताण वाढतो, आणि तुटला की गोफण सुटते; बी नव्हे, नेच्याचे बीजाणू असतात ते. मी तासभर पालथी पडून होते. फोटो जवळपास सगळे हललेले. एकच ठेवलाय, ज्यात अर्धी रांग फुटलीय आणि अर्धी मिटलेली आहे, आणि डावीकडचा कोपरा धुळीने पिवळा. आईने तो बघून सांगितलं, "नेचा, पाठची बाजू." आणि पुढे, "हातावर पांढरा छाप उठतो तो हा नव्हे. तो डोंगरातला." तिचा गुण. पण त्या फोटोसाठी मी हरायला तयार होते.

एकावर एक वीस फोटो रचून सगळं स्पष्ट करायची पद्धत आहे, स्टॅकिंग. करून बघितली. वाऱ्यामुळे निम्मे फुकट गेले हे खरं, पण जमलेलेही मला रुचले नाहीत. सगळंच स्पष्ट झालं की शाळेच्या पुस्तकातली आकृती होते, खाली नावं लिहायला बाण तेवढे काढायचे राहतात.

सड्यावर दोन वेळा गेले, ऑगस्टच्या शेवटी आणि गणपतीनंतर. कातळावर बोटभर माती, तीवर सीतेची आसवं आणि दवबिंदू या नावांची रोपं. पाय कुठे ठेवायचा याचाच विचार जास्त, म्हणून एका ठिकाणी गोणपाट टाकलं आणि तिथून हलले नाही. दवबिंदूच्या लाल केसांच्या टोकांवरचे थेंब भर दुपारीसुद्धा सुकत नाहीत. ते पाणी नाहीच, किडे धरायचा डिंक आहे. फोटो देखणे आले, पण बघणारा प्रत्येक जण पहिलं वाक्य "हे काय आहे?" म्हणतो आणि नाव सांगितल्यावर समाधानाने पुढे जातो. माझ्या दृष्टीने ते फसलेले. आईला नाव सांगता आलं नाही, "सड्यावरचं" एवढं म्हणाली. त्यात अडकलेलं चिलट मात्र तिने लगेच बघितलं आणि पुढचा फोटो काढायला सांगितला.

गौरी तेरड्याच्या आणल्या. तेरड्याचा रंग तीन दिवस, पण मला रंगात रस नव्हता. पिकलेल्या शेंगेला बोट लागलं की ती फुटून तिच्या फाका आत वळतात, त्या वळलेल्या फाकांमध्ये होता. घड्याळाच्या स्प्रिंगसारख्या. त्यांचे दीडशे फोटो काढले, एकही ठेवला नाही. काय कमी होतं ते अजून सांगता येत नाही.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी मी आवराआवर करत होते. एकोणतीस फोटो नावांसकट वहीत उतरवायचे होते. कुठलं झाड, कुठली जागा, कुठल्या ट्यूब. अठ्ठावीस झाले. आईची बेरीज बावीस, माझी सहा. एकोणतिसावा समोर आला. गडद, जवळजवळ काळा पट, त्यातून खालून वर गेलेले तांबूस धागे, मध्येच एक धागा स्पष्ट आणि त्याच्यावर बारीक, एकसारखे, काचेच्या मण्यांसारखे उंचवटे. चांगला फोटो होता. सगळ्यांत चांगला असेल. आणि तो कशाचा हे मला आठवेना. तारीख बघितली, ४ ऑक्टोबर, दुपारी चार सत्तावीस. त्या दिवशी मी कुठे होते, काय करत होते, काही नाही. त्याच्या आधीचा फोटो पोफळीच्या बुंध्याचा, नंतरचा आईच्या चष्म्याचा.

टॅब आईपुढे धरला. प्लास्टर जाऊन दोन महिने झाले होते, तरी तिने तो सवयीने डाव्याच हातात घेतला. लांब धरला, तिरका केला, चष्मा काढून बघितला. दोन बोटं जवळ आणली. लहान झाला नाही.

"माठाचा देठ?"

"माठ कुठे आहे आपल्याकडे?"

"होता. गोठ्यामागे, आपोआप आलेला." थोडा वेळ थांबली. "नाही, माठाला असे मणी नसतात. अबोलीच्या कणसाला... छे. काय आहे?"

"मला माहीत नाही."

"म्हणजे? तू काढलास ना?"

बाहेर साडेसहा होऊन गेले होते, आगरात अंधार उतरला होता. तिने टॅब टीपॉयवर पालथा ठेवला, खुंटीवरची बॅटरी घेतली, एकदा लावून बघितली आणि पायात चपला सरकवत म्हणाली, "ऊठ. आधी गोठ्यामागे बघू."